आधी ब्रेक, मग नाव-गाव

पद्मजाचं नाव निघालं की लोक विचारत्यात, "आक्का, जयसिंगपूरची ती काम्प्युटरवाली बाई का हो?" मला राग येतो. काम्प्युटर म्हंजे एसीत बसणारा, हिशेब करणारा, आणि हिशेबाला उशीर झाला तर तुम्हाला बाकड्यावर ताटकळत ठेवणारा. पद्मजानं जे केलं त्याला उशीर चालतच न्हाय. पापणी लवायच्या आत झालं तर झालं, न्हायतर माणूस जातोय. एवढा फरक हाय आणि तो मी प्रत्येकाला सांगतो, त्याला ऐकायचं असो वा नसो. आणि मी बाई असून 'सांगतो, गेलो, आलो' म्हणतोय म्हणून हसू नका. आमच्या कोल्हापुरात बाया असंच बोलत्यात.

मला सगळी आक्काच म्हणत्यात. सयाजी माझा पाठचा भाऊ. शिरोली एमआयडीसीत त्याचं पॅनल करायचं वर्कशॉप. पॅनल म्हंजे लोखंडी कपाट. कारखान्यातल्या मशीननं कवा चालायचं, कवा थांबायचं, ते त्या कपाटातनं ठरतं. तवा आत सगळे रिले असायचे. रिले म्हंजे विजेनं हलणारी खिटी. खट् वाजलं की मोटर सुरू, खट् वाजलं की बंद. माझा नवरा गेला तवा सयाजी म्हणला, "आक्का, घरात बसून रडण्यापरास इथं ये, वायरी जोड." मी आलो. हात बसला. माझ्या वायरिंगला आजवर कुणी नाव ठेवलेलं न्हाय. ठेवून बघावं.

चौऱ्याऐंशी साली पद्मजा आली. बाप माधव मास्तर, जयसिंगपुरात शाळेवर शिकवायचे. पोरगी सांगलीला शिकून इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झालेली. अंगानं काडी, वेणी कमरेपर्यंत, आणि तोंड असं फटकळ की पहिल्याच दिवशी मला कळलं, हिचं आपलं जमणार. सयाजीनं चहा पीत पीत विचारलं, "रिले येतो का तुला?"

"येतो," ती म्हणली. "आवडत नाही."

सयाजीला ठसका लागला. चहा सगळा शर्टावर! ह्या माणसानं उभी हयात रिलेवर काढलेली. पण ठेवून घेतली त्यानं तिला. माझा भाऊ तोंडानं तिखट हाय, पण हुशार माणूस समोर आला की त्याला सोडवत न्हाय. मी बहीण हाय त्याची, मला म्हाईत.

कोपऱ्यात तिला एक टेबल दिलं. त्यावर तिनं एक उघडी हिरवी पाटी मांडली, तिला आकड्यांची बटणं आणि वर चमकणारे लाल आकडे. दिवसभर टकटक टकटक. दुपारी माझ्या डब्यातली भाकरी खाताना सुद्धा नजर तिकडंच. "आक्का, हा एवढासा आयसी दिसतो ना," ती एक काळी चिप दाखवून म्हणायची, "हा तुमच्या कपाटभर रिलेंचं काम करील." मी म्हणायचो, "करील गं बाई, आधी खर्डा वाढून घे." खरं सांगू? मला तिचं काय बी कळत न्हवतं, पण ती बोलायला लागली की ऐकत बसावं वाटायचं.

आणि मग त्या साखर कारखान्यात अपघात होता होता राहिला. कुठल्या कारखान्यात ते विचारू नका, नदीकाठचा हाय एवढं पुरे. साखर कारखान्यात एक मशीन असतंय. त्यात भोकाभोकांची मोठी टोपली. तिच्यात दाट रवाळ पाक सोडायचा आणि टोपली भन्नाट फिरवायची. मळी भोकांतनं बाहेर उडते, साखर टोपलीच्या भिंतीला चिकटून राहते. मग ब्रेक मारून टोपली अगदी हळू करायची आणि वरनं एक लोखंडी फाळ आत उतरवायचा. तो साखर खरवडून खाली पाडतो. त्याला नांगरच म्हणत्यात. आता टोपली भरधाव असताना हा नांगर उतरला तर? तसंच झालं. पॅनलमधला एक रिले चिकटून बसला, सुटलाच न्हाय. नांगर भरधाव टोपलीत गेला, त्याचा तुकडा पडला आणि तो पत्रा फाडून गुंडूच्या कानाजवळनं भिंतीत घुसला.

गुंडू म्हंजे त्या मशीनचा ऑपरेटर. शिरोळकडचा धिप्पाड गडी, तालमीत घुमलेला. वाचला बिचारा, पण तवापासनं मशीनजवळ जाईना. लांब उभा राहून काठीनं बटण दाबायचा. लोक हसायचे. हसायला काय जातंय? त्यांच्या कानाजवळनं गेलं न्हवतं ते.

ते पॅनल आमचं न्हवतं बरं का, बाहेरनं आलेलं. पण नवीन करून घ्यायला कारखान्याचे चीफ इंजिनिअर सयाजीकडं आले. त्यांना सगळे चीफ साहेबच म्हणायचे. उंच, गंभीर माणूस, हसू हिशेबात वापरणारा. म्हणले, "सयाजीराव, परत असं होता कामा नये."

"डबल रिले टाकतो की साहेब," सयाजी म्हणला.

"डबल टाकले तर डबल चिकटतील," कोपऱ्यातनं आवाज आला.

चीफ साहेब वळले. पद्मजा उठून उभी राहिली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. टोपलीचा वेग सारखा मोजत राहायचा. टोपली हेलकावे खायला लागली की तत्क्षणी ब्रेक. आणि वेग उतरल्याचं मोजून दिसल्याशिवाय नांगराला आत सोडायचंच न्हाय. हे सगळं एका आयसीनं करायचं. चीफ साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. सयाजी मात्र लालेलाल. "मुकं डबडं ते!" तो म्हणला. "रिले वाजतोय तरी. जिता का मेला ते कळतं. तुझ्या आयसीला कान लावला तर काय ऐकू येतंय?"

शेवटी चीफ साहेबांनीच तोडगा काढला. एका मशीनला पद्मजाच्या आयसीची पेटी बसवायची. नव्या हंगामात साखरेच्या पहिल्या पोत्यांची पूजा होते, त्या दिवशी चेअरमन आणि संचालक येत्यात. त्यांच्यासमोर पेटी चालवून दाखवायची. चीफ साहेब गेल्यावर सयाजीनं आपली अट घातली. "चालली तर बाकीच्या मशीनांचं काम बी तुझं. त्या दिवशी फसली तर ह्या वर्कशॉपात परत आयसी आणायचा न्हाय. मग तू मास्तरांनी बघून ठेवलेली कॉलेजातली नोकरी धर आणि पोरांना शिकव."

"शिकवणं वाईट नाही," पद्मजा म्हणली. "पण मला करायचंय. कबूल."

मी हातातला डबा तसाच खाली ठेवला. ती मात्र निवांत भाकरीचा तुकडा मोडत बसली.

पहिल्यांदा तिनं केलं ते फसलं, हे बी सांगायला पायजे. आयसीकडं कामं बरीच. वेग मोजायचा, बटणं बघायची, लाल आकडे दाखवायचे, टोपली हेलकावे खातीय का ते बघायचं. तिनं सगळी ओळीनं लावलेली, एक झालं की दुसरं. टेबलावर चाचणी घेताना मी हेलकाव्याचा खटका हातानं दाबला. दिवा लागला, पण जरासा थांबून. मला वाटलं, लागला की! पद्मजाचं तोंड उतरलं. "आकडे लिहीत बसलं होतं ते," ती म्हणली. "तिकडं टोपली निखळली असती आणि हे इकडं आकडे लिहीत बसलं असतं." आणि तिनं सगळं केलेलं टाकून दिलं. एवढ्या दिवसांचं काम! माझा जीव हळहळला. तिला काय बी वाटलं न्हाय. पदर खोचावा तशी वेणी पाठीवर टाकून परत बसली.

मग तिनं मला समजावून सांगितलं. "आक्का, तुमच्या माहेरी गुऱ्हाळ होतं ना? काहिलीत रस उकळतोय. गूळ तयार झाला, काहील उतरवा, असं कोण सांगतं?"

"गुळव्या. दुसरं कोण सांगणार?"

"आणि त्यानं हाक दिली, पण माणसं म्हणाली, थांबा, एवढं जळण आत सारतो, एवढी तंबाखू मळतो, मग येतो?"

"मग गूळ जळंल की गं! मुडदा बशिवला त्या माणसांचा. हाक आली की हातातलं टाकून पळायचं."

"आणि गुळव्यानंच बरोबर सांगितलं, पण उशिरा सांगितलं तर?"

"उशिरा सांगितलेलं काय चाटायचंय?"

"बास!" ती म्हणली. "हेच. उशिरा आलेलं बरोबर उत्तर चूकच असतं. आता आयसीत मला गुळव्या बसवायचाय. कुठलंही काम चालू असलं तरी मोठी हाक आली की हातातलं जागच्या जागी ठेवायचं, तिकडं पळायचं, ते निस्तरायचं, आणि मग जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं धरायचं. कोण कुणाच्या आधी, ते ठरवणारा तो."

इंग्रजीत त्याला रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम म्हणत्यात. परदेशात तयार विकत मिळते म्हणे. हिनं ती स्वतः लिहिली, एका नखाएवढ्या जागेत मावंल अशी. आमच्या वर्कशॉपात तिचं नाव गुळव्याच पडलं. "पद्मजा, गुळव्या उठला का?" "उठलाय आक्का, पण अजून डुलतोय." असं आमचं चालायचं. आणि जवा तो नीट उठला, तवा मी खटका दाबला आणि बोट उचलायच्या आत दिवा! मी परत दाबला, परत दिवा. लहान पोरासारखा दाबतच राहिलो.

सयाजीनं तवा बी खोडा घातलाच. टेबलाशी येऊन म्हणला, "ठीक हाय. पण तुझा गुळव्याच चक्कर येऊन पडला तर? सगळी त्याच्या तोंडाकडं बघत बसणार, आणि त्यो आडवा!"

मला वाटलं, आता ही चिडंल. ती टेबलावर बोटं वाजवत राहिली. मग म्हणली, "मालक, तुम्ही पहिल्यांदाच कामाचं बोललात." सयाजीला हे कौतुक का टोमणा तेच कळंना.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तिनं राखण्या केला. शेतात राखणीला बसत्यात, एका माळ्यावरनं हाक, दुसऱ्या माळ्यावरनं ओ. ओ आली न्हाय की ह्यानं उठून बघायला जायचं. तसं आयसीच्या बाजूला एक छोटं वेगळं सर्किट. गुळव्यानं त्याला सारखी ओ द्यायची. ओ चुकली की राखण्या त्याला गदागदा हलवून जागं करणार. आणि पद्मजानं एक पक्का नियम घातला. जागं झाल्यावर गुळव्यानं पहिल्यांदा काय करायचं? मी कोण, कुठं आलो, किती वाजले, हे काय बी विचारायचं न्हाय. पहिला ब्रेक, नांगर वर, पाक बंद. मग लाल आकड्यांत दाखवायचं की मला राखण्यानं उठवलंय. "आधी ब्रेक, मग नाव-गाव," ती म्हणायची. मला ते इतकं आवडलं की घरात बी म्हणायला लागलो.

आता एक लहान गोष्ट सांगून ठेवतो, ती न्हाय कळली तर पुढचं कळायचं न्हाय. पद्मजाचं सगळं लिखाण ज्या आयसीत होतं, त्याला पाठीवर काचेचा गोल डोळा असतोय. जांभळ्या दिव्याखाली धरला की त्या डोळ्यातनं उजेड आत जाऊन लिखाण पुसतं, मग परत नवीन लिहायचं. म्हणून लिहून झालं की डोळ्यावर काळी पट्टी चिकटवायची, उजेड आत जायला नको. ती पट्टी मीच कापून लावली होती. चांगली दाबून लावली होती.

हंगाम सुरू झाला, शहाऐंशी साल. पेटी मशीनला बसवली. पूजेच्या दिवशी आम्ही टेम्पोतनं कारखान्यावर गेलो, सयाजी, पद्मजा आणि मी. सयाजीनं इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि वाटभर त्याची घडी जपत बसलेला. आत साखरेची पहिली पोती मांडलेली, झेंडूच्या माळा, नारळ, उदबत्त्या. चेअरमन आले. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, मूळचे शेतकरीच. पूजा झाली, पेढे झाले, आणि सगळा लवाजमा आमच्या मशीनपुढं आला. चीफ साहेब, संचालक, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला कोल्हापुरातला फोटोवाला. गुंडूनं आमच्या पेटीची बी सकाळीच पूजा केलेली. बाहेर हळदीकुंकवाची बोटं, दाराला माळ. मला बरं वाटलं बघून.

पद्मजानं गुंडूला खूण केली. गुंडूनं लांबनं काठीनं बटण दाबलं. टोपली फिरायला लागली, पाक पडला, वेग चढला, मशीन घुमायला लागलं. लाल आकडे कसे सुरेख चढत होते! सयाजीचा खांदा जरा खाली आला. फोटोवाला पुढं सरसावला. "साहेब, पेटीचं दार उघडा की, आतलं बी फोटोत येऊ दे." चेअरमन हसून पेटीशेजारी उभे राहिले. दार उघडलं. फोटोवाल्यानं कॅमेरा अगदी पेटीजवळ नेला आणि लख्ख करून फ्लॅश मारला.

मशीन कचकन थांबायला लागलं. ब्रेक किंचाळला. आकडे विझले, परत लागले. भोंगा वाजला, तांबडा दिवा पेटला. टोपली गरगरत मंद झाली आणि बंद पडली.

एक संचालक म्हणला, "फोटोला घाबरलं वाटतं!" आणि हशा पिकला. सयाजीचा चेहरा पांढराफटक. माझ्या कानात म्हणला, "संपलं, आक्का." माझ्या डोळ्यात पाणी आलं, पण त्या हसणाऱ्या संचालकाच्या टाळक्यात नारळ घालावा असं बी वाटत होतं.

चीफ साहेब पुढं आले. "पद्मजाबाई, हे काय झालं?"

ती ऐकतच न्हवती. लाल आकड्यांकडं बघत होती. "हेलकावा नाही," ती स्वतःशीच म्हणली. "राखण्यानं उठवलंय. म्हणजे गुळव्या पडला होता. का पडला?" आणि तिनं पेटीत डोकं घातलं. मी बी मागनं वाकून बघितलं. आयसीच्या डोळ्यावर माझी काळी पट्टी न्हवती. उघडी काच लखलख चमकत होती, आणि काच सोडून तिच्या वरच्या अंगाला कुंकवाचं बोट.

"गुंडूदादा," तिनं विचारलं, "ह्याची पट्टी कुठंय?"

गुंडू पुढं आला. "म्याच काढली, बाई. सगळी पूजा केली आणि बघतोय तर ह्याच्या डोळ्याला काळी पट्टी. पूजेच्या दिवशी देवाच्या डोळ्याला कुणी काळी पट्टी ठिवतंय व्हय? म्हणलं, बघू दे त्याला बी. जपून ठेवलीया." आणि खिशातनं काढून दाखवली.

मला वाटलं, आता पद्मजा त्याला फाडून खाते. तिनं त्याच्याकडं बघितलं, आयसीकडं बघितलं, आणि मोठ्यानं हसायला लागली. "गुंडूदादा, मालकांनी घेतली नाही एवढी कडक परीक्षा तुम्ही घेतलीत!" मग वळली ती चीफ साहेबांकडं. डोळे असे पेटलेले की मी दोन पावलं मागं सरलो.

"साहेब, फ्लॅशचा उजेड ह्या काचेतून आत गेला. एवढ्यानं लिखाण पुसत नाही, पण पेटीला भोवळ आली. आता मला सांगा, भोवळ आल्यावर तिनं काय केलं?"

"बंद पडली," तो संचालक म्हणला.

"बंद पडली नाही. ब्रेक मारला. नांगर बघा कुठे आहे."

सगळ्यांनी वर बघितलं. नांगर टोपलीच्या वर, जाग्यावर, कुलूप लावल्यासारखा.

"तुम्हाला मशीन चांगलं चालताना बघायचं होतं," ती म्हणली. "चांगलं तर काय, कुठलंही पॅनल चालतं. बिघडल्यावर काय होतं ते बघा. अहो फोटोवाले, परत मारा!"

"अगं ए!" सयाजी ओरडला. पण आता त्याचं ऐकतंय कोण? पट्टी तशीच काढलेली, काच उघडी. गुंडूनं मशीन सुरू केलं. टोपली भरधाव झाली. फोटोवाल्यानं भीत भीत फ्लॅश मारला. कचकन ब्रेक! नांगर वर. भोंगा. परत सुरू, परत फ्लॅश, परत ब्रेक. चेअरमन पोराच्या उत्साहानं "आणखी एक, आणखी एक" म्हणायला लागले. फोटोवाल्याचा रोल संपत आला तरी पेटीनं एकदा बी चूक केली न्हाय. प्रत्येक वेळी भोवळ येऊन पडायची आणि पडता पडता ब्रेक धरूनच उठायची.

चीफ साहेब अजून गंभीरच. "पण बाई," ते म्हणले, "मशीनशेजारी माझा माणूस उभा असतो. कागदावर ठीक आहे. तो उभा राहील का?"

ह्याचं उत्तर पद्मजानं द्यायचं न्हवतंच. मशीन परत वेगात आलं होतं. गुंडूनं हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली. चालत पुढं आला, मशीनच्या अगदी जवळ, आणि आपला रुंद पंजा त्याच्या थरथरत्या पत्र्यावर ठेवला. "मारा फोटू," तो म्हणला. "माझा बी येऊ दे त्यात."

फ्लॅश पडला. पंजा हलला न्हाय. मशीन त्याच्या हाताखाली हळू हळू शांत झालं.

मग पद्मजानं काळी पट्टी परत डोळ्यावर दाबून बसवली, मशीन सुरू केलं आणि फोटोवाल्याला खूण केली. लख्ख उजेड पडला आणि काय बी झालं न्हाय. टोपली आपली फिरतच राहिली. वेळ झाली तशी मंद झाली, नांगर आपसूक खाली उतरला आणि पांढरीशुभ्र साखर भसाभसा खाली पडली. चेअरमननी मूठभर उचलली, तोंडात टाकली आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. त्या हसऱ्या संचालकानं बी वाजवल्या, मी बघत होतो त्याच्याकडं.

चीफ साहेब सावकाश म्हणले, "गेल्या हंगामात पॅनल बिघडलं तेव्हा नांगर खाली आला. आज पेटी पडली तेव्हा नांगर वर होता. मला दुसरं काही बघायचं नाही. पद्मजाबाई, बाकीच्या मशीनांना कधी बसवताय?"

"हंगाम संपल्यावर," ती म्हणली. "चालू हंगामात मी मशीनला हात लावणार नाही. आणि पट्टी आता पत्र्याची करणार, स्क्रूनं बसवून."

"कुंकू चालंल न्हवं त्यावर?" गुंडूनं विचारलं.

"पत्र्यावर हवं तेवढं लावा!"

आम्ही बाहेर आलो. टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा सयाजीची. ती त्यानं आजवर सोडली न्हवती, मी मोठी बहीण असून मला बी मागं बसवायचा. त्या दिवशी म्हणला, "पद्मजा, पुढं बस. आक्का, तू बी." आणि इस्त्रीच्या शर्टानिशी हत्यारांच्या पेटीवर जाऊन बसला. वाटभर मागनं त्याचं चाललेलं, वळणावर दिसंल त्या उसाच्या गाडीवाल्याला ओरडून सांगायचं, "आमच्या पोरीनं केलं! आमच्या पोरीनं!" गाडीवाल्यांना काय कळणार? पण ते बी हात वर करायचे.

जयसिंगपूर आलं तसं त्यानं टेम्पो मास्तरांच्या दारात थांबवायला लावला. माधव मास्तर पायरीवर उभेच होते. पद्मजा उतरायच्या आत सयाजीनं उडी मारली आणि हात जोडले. "मास्तर, ती कॉलेजातली नोकरी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा. ही पोरगी आमची हाय."

मास्तर शांतपणे म्हणले, "ती नोकरी नको म्हणून मी गेल्या आठवड्यातच कळवून आलोय."

"गेल्या आठवड्यात? आणि आज पेटी फसली असती तर?"

"फसेल असं मला वाटलं नाही," मास्तर म्हणले.

इतक्या लोकांसमोर, एवढा हशा पिकला तवा जिच्या डोळ्याला पाण्याचा थेंब आला न्हवता, ती पद्मजा बापाच्या दारात टेम्पोतच ढसाढसा रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं आणि मी बी रडलो. सयाजीनं तोंड दुसरीकडं फिरवलं, आणि आत मास्तरांच्या बायकोला आवाज दिला, "वैनी, चहा टाका, आम्ही आता जेवूनच जाणार!"